सहावी चौकट

४ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं पाच पानी पत्र पोचलं. शाळेच्या परीक्षेत एवढं लिहिलं असतंस, तर मामाचे निम्मे केस तरी काळे राहिले असते. सगळं वाचलं. चित्रकथा इंटरनेटवर कुठे कुठे टाकता येते याचा तू बाण काढून केलेला नकाशा मी भिंतीलाही लावला. आई येता-जाता त्याच्याकडे बघते आणि विचारते, "हा कुठल्या रोगाचा तक्ता गं?"

या पाकिटात पहिली चार पानं आहेत. पुठ्ठ्यात घालून पाठवते आहे. दुमडू नकोस, वर चहाचा कप ठेवू नकोस. तुमच्या छापखान्यातल्या मोठ्या स्कॅनरवर जेवणाच्या सुट्टीत उरकून घे, मालकाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने. पेन्सिलीच्या रेघा राहिल्या असतील त्या पूस, बाकी कशाला हात लावू नकोस. मूळ पानं तुझ्याकडेच राहू दे. इथे ठेवली तर आईच्या हाती लागायला वेळ लागणार नाही.

आई, म्हणजे तुझी आत्या, निवृत्त झाली, पण तिची चौकशी खिडकी काही सुटली नाही. तीस वर्षं स्टेशनवर काचेच्या भोकातून "एका वेळी एकानेच बोला" म्हणत बसली. आता समोर माणसं नाहीत, तर ती यंत्रांना धारेवर धरते. कपडे धुण्याचं मशीन मध्येच गुरगुरलं की त्याला "रांगेत या" म्हणते. लिफ्टमधली बाई "दरवाजा बंद होत आहे" म्हणाली की तिला सुनावते, "दिसतंय मला, आंधळी नाही मी." हे सगळं मी ऐकते आणि काढते. एका पानावर सहा चौकटी, एका पानात एक भांडण. मालिकेचं नाव 'चौकशी'.

आईला विचारूनच काढते आहे. ती हो म्हणाली, पण दोन अटींवर. पहिली अट, तिला दाखवायचं नाही. "स्वतःचं चित्र बघायला लागले की मी नीट वागायला लागेन, मग तुला काढायला काय उरणार?" दुसरी अट म्हणजे, "जो दार वाजवून मागेल त्याला दे. रस्त्यात उभी राहून वाटत बसू नकोस."

तेव्हा तुझ्या नकाशातले मोठे बाण सगळे रद्द. ते सरकतं ॲप नको. चौकोनी फोटोंची ती जागाही नको, तिथे कुणाला काय दिसावं हे यंत्राच्या लहरीवर असतं आणि आमच्या घरी यंत्रांशी आधीच भांडण चालू आहे. आपलं स्वतःचं छोटंसं संकेतस्थळ कर. तिथे नुसता पत्ता मागायचा. जो देईल त्याला शनिवारी एक पान मेलने. बस.

हट्ट वाटेल तुला, पण आईला जर कळलं की अनोळखी माणसं तिला बघून खिदळतायत, तर ती माझ्यासमोर परत तोंड उघडायची नाही. बाबा गेल्यापासून या घरात जो काही आवाज आहे तो तिच्या भांडणांचा आहे. तो बंद झाला तर मी काय करू, सांग.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पानं सुखरूप. कप ठेवला नाही, फक्त बशी ठेवली. थट्टा केली गं, लगेच फोन उचलू नकोस.

संकेतस्थळ तयार आहे. तू म्हणालीस तसंच, पत्ता द्या, पान घ्या. पण वाचक किती, हे ऐकायची हिंमत आहे का तुझ्यात? एक मी. एक तुझ्या दातांच्या लॅबमधली मैत्रीण. एक रात्रपाळीची नर्स, ती मात्र दर वेळी दोन ओळी लिहिते. एक गृहस्थ प्रत्येक पानाला "छान" एवढंच कळवतात, आणि तो माझ्या बायकोचा भाऊ असावा असा मला दाट संशय आहे. बाकीचे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात.

अगं, माणूस बाजारात दुकान टाकतो. तू माळ्यावर टाकलंस आणि वर शिडी काढून घेतलीस! त्या सरकत्या ॲपवर लोक जेवताना, बसमध्ये, अगदी नको तिथे बसूनसुद्धा चित्रकथा वाचतात. बोटाने ढकलत जायचं, एकाखाली एक चौकट. तुझ्या निम्म्याने चांगलं न काढणारे तिथे राजे होऊन बसलेत. तुझं काम बघितलं की माझा जीव तुटतो.

आणि एक विचारू का? पाचव्या चौकटीपर्यंत मी खदखदून हसतो. सहावीत काहीच नाही. एक शब्द नाही. आत्या नुसती मशीनच्या झाकणावर हात ठेवून स्टुलावर बसलेली. लिफ्टच्या पानातही तेच. लिफ्ट मजल्यावर आली, दार उघडलं, आणि ही आतच उभी. स्कॅन करताना मला क्षणभर वाटलं, तुझी शाई संपली की काय. विनोद झाल्यावर पुन्हा वाट बघायला का लावायचं माणसाला?

पण पान तुझं, हुकूम तुझा. मी आपला हमाल.

तुझा ठोंब्या

२२ फेब्रुवारी

ठोंब्या,

हमाल म्हणवून घेऊ नकोस. तू नसतास तर ही पानं माझ्या कपाटात कपड्यांखाली पडली असती, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

तरी ॲपला नाहीच. कारण सांगते, एकदा नीट ऐक आणि मग पुन्हा काढू नकोस विषय.

तिथे माझं पान पान राहत नाही. त्याचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा वरून खाली येतो. माझं पान एकदम समोर दिसायला हवं. डोळा आधी चुकून खालच्या कोपऱ्यात जातो, तिथे ती बाई एकटी बसलेली दिसते, मग तो वर येतो आणि तिचं भांडण वाचतो. मग जे हसू येतं त्याला वजन असतं. तुकड्यांमध्ये नुसती एक कटकटी म्हातारी उरेल. दुसरं म्हणजे त्यांच्या अटी. मी वाचल्या आहेत, तुझ्यासारख्या खाली ढकलत नेऊन "मान्य" दाबलं नाही. त्यात म्हटलंय की मालिकेतलं पात्र त्यांना हवं तसं वापरता येईल. आई हे पात्र आहे का रे? आईवर कुणाचा हक्क लिहून द्यायचा मी?

आता तुझी शाई. मी दिवसभर मेणात दात बसवते. पहिल्याच महिन्यात आम्हाला शिकवलं, की दात पांढराशुभ्र केला की सगळं तोंड खोटं दिसतं. थोडा पिवळा ठेवावा लागतो. सहावी चौकट म्हणजे तो पिवळेपणा.

ती कशी काढते तेही सांगते, तुलाच फक्त. भांडण संपलं की आईला वाटतं मी माझ्या खोलीत गेले. मी गेलेली नसते. ती काही वेळ तशीच राहते, कुणासाठी नसल्यासारखी. चेहरा अगदी वेगळा होतो तिचा. तेवढं मी डोळ्यांत भरून घेते आणि मग जाऊन कागदावर उतरवते. पहिल्या पाच चौकटी आईच्या असतात. सहावी माझी.

सोबत टेलिफोनचं पान आहे. "एक दाबा, दोन दाबा" म्हणणाऱ्या आवाजाला ती कशी झापते बघ. शेवटी फोन पलीकडून बंद झालाय आणि ही तो कानाला धरून बसलेली आहे. हे माझं सगळ्यांत चांगलं पान आहे असं मला वाटतं.

तुझी ताई

७ एप्रिल

ताई,

पत्राला उशीर झाला. छापखान्यात लग्नपत्रिकांची झुंबड आहे, नवरे-नवऱ्यांची नावं डोळ्यांसमोर नाचतात.

तू पाठवलेली सगळी पानं मिळाली. बल्ब बदलण्याचं शेवटचं तर एकदम झकास! शिडीवर चढून बल्बला "तुमची वेळ संपली, पुढच्याला येऊ द्या" म्हणणारी आत्या बघून आमचा बाइंडर हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. फक्त स्कॅनर जरा कुरकुरतोय, त्यामुळे हे पान वाचकांना इतक्यात पाठवत नाही. दुरुस्त झाला की पाठवू.

लिफ्टचं पान फार गाजलं. म्हणजे आपल्या लोकांत.

अजून अशीच पाठव ना, यंत्रांची. लोकांना... सगळ्यांनाच ती आवडतात. बाल्कनीतल्या झाडांचं पान सुंदर आहे, नाही असं नाही, पण त्यात आत्या भांडतच नाही. आणि रंगांचा कधी विचार केलायस? मी गंमत म्हणून एका पानात भरून पाहिले. मशीनला लाल, आत्याच्या झग्याला पिवळा. काय उठून दिसतं! माझाही हात इतका वाईट नाही, हे मलाच नव्याने कळलं.

आत्याला नमस्कार. तिला बरं वाटेल असं काहीतरी लवकरच होईल, असं माझं मन सांगतंय.

ठोंब्या

१२ मे

ठोंब्या,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

काल लॅबमध्ये पॉलिश करणारी माझ्या टेबलाशी आली आणि फोन पुढे धरून म्हणाली, "हे बघ, आमच्या घरात सगळे एकमेकांना हेच पाठवतायत." फोनवर आई. आपली आई. बोट उगारून उभी, झगा हळदीसारखा पिवळा, मशीन लालभडक, आणि वर मोठ्या अक्षरांत "रांगेत या!" लोक तिला मशीनबाई म्हणतात. हातातला मेणाचा साचा वाकडा झाला, दुसरा करावा लागला.

मग मी शोधलं. तुझ्या त्या सरकत्या ॲपवर सगळी मालिका आहे. मशीन, लिफ्ट, टेलिफोन. कुठल्या तरी भलत्याच टोपणनावाने. आणि प्रत्येक पान पाचव्या चौकटीला संपतं. सहावी नाहीच. कापून टाकली आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते तुला सांगवत नाही, तरी सांगते. "म्हातारीचा स्क्रू ढिला आहे." "अशांना घरात ठेवतात कशाला?" कुणीतरी विचारलंय, ही खरी आहे का, असली तर पत्ता द्या, आम्ही व्हिडिओ काढू.

चोर आपल्या शनिवारच्या वाचकांतलाच असणार, दुसऱ्या कुणाकडे पानं गेलीच नाहीत. मला त्या "छान"वाल्याचा संशय येतो. इतकं कमी बोलणारा माणूस धड नसतो. तुला यातलं कळतं. तू शोध. माझ्यासाठी एवढं कर. मेलची यादी तुझ्याकडेच आहे, कोण, कुठला, काय करतो, सगळं बघ.

आईला अजून काही कळलेलं नाही. मी तिच्या फोनवर डोळा ठेवून आहे. इमारतीच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं आणि सांगितलं, फोन बिघडलाय. "हो का," म्हणाली आणि भाजी निवडत बसली. तिच्यापुढे खोटं बोलताना माझी जीभ जड होते, पण दुसरं काय करणार?

लवकर लिही. तुझ्याशिवाय यात माझं कुणी नाही.

ताई

२० मे

ताई,

वाचून सुन्न झालो. जगात कसली कसली माणसं असतात! शोधतोय. पण हे लोक टोपणनावाआड असतात, सहजासहजी सापडत नाहीत. त्या "छान"वाल्यावर आळ घेऊ नकोस, तो गरीब आहे.

एक बोलू का? रागावू नकोस. ज्याने कुणी केलं त्याने चूकच केली. पण ताई, लाखभर लोकांनी तुझी रेघ पाहिली. लाखभर! आपण शनिवारी वर्षानुवर्षं मेल पाठवत राहिलो असतो तरी हे झालं नसतं. सगळेच वाईट लिहीत नाहीत. कितीतरी जण लिहितात, अगदी आमच्या आईसारखी आहे. ती वाईट वाईट तेवढीच वाचू नकोस. थोडे दिवस जाऊ दे. लोक विसरतात.

पुढची पानं कधी पाठवतेस?

ठोंब्या

२ जून

पुढची पानं?

काल ॲपवर बल्बचं पान आलं. शिडी, आई, "तुमची वेळ संपली." ते पान शनिवारी कुणाला गेलेलं नाही. तुझा स्कॅनर कुरकुरत होता ना! या जगात ते पान मी पाहिलं, तू पाहिलंस आणि तुझ्या बाइंडरने पाहिलं. मी पाकिटाच्या पावतीवरची तारीखसुद्धा काढून बघितली, कारण चोर तू नसावास असं मला वाटत होतं. कुणीही चालला असता मला. तो "छान"वाला चालला असता. एका निरपराध माणसाला मी चोर ठरवून मोकळी झाले, आणि तू शेजारी बसून "गरीब आहे गं तो" म्हणत राहिलास.

कुंपणानेच शेत खाल्लं. मी रडत तुझ्याकडे आले की चोर शोध, आणि तू "शोधतोय" म्हणालास. कुठे शोधत होतास रे? आरशात?

चोरी मी एक वेळ समजून घेतली असती. माणसाला मोह होतो. पण तू मला वीस मेला पत्र लिहिलंस. शांतपणे बसून, शाईने, नीट परिच्छेद पाडून खोटं लिहिलंस. लहानपणी मामाच्या घड्याळाची काच तू फोडलीस तेव्हा संध्याकाळपर्यंत तुझ्या पोटात दुखत होतं. ते पोट कुठे गेलं?

आणि सहावी चौकट. मी तुला समजावून सांगितलं होतं. कुणाला सांगत नाही ते सांगितलं होतं. तरी तू कात्री घेतलीस. माझ्या आईला अर्धी कापून लोकांपुढे टाकलंस आणि उरलेल्या अर्ध्या बाईला लोक वेडी म्हणतायत.

सगळं आजच्या आज काढ. आणि मला "ताई" लिहू नकोस.

११ जून

ताई,

दुसरं काय लिहू? तेच लिहिता येतं.

हो, मी टाकलं. मार्चच्या सुरुवातीला. खरं सांगतो, नुसतं बघायला म्हणून एकच पान टाकलं, पूर्ण, सहा चौकटींचं. काहीच झालं नाही. ॲप दाखवतं, वाचक कुठपर्यंत आला आणि कुठून निघून गेला. सगळे सहावीवर येऊन निघून जात होते. कुणी पुढे पाठवत नव्हतं. दुसऱ्या पानाला मी ती कापली, मग पहिल्याचीही. त्या एका दिवसात इतके लोक आले की मी छापखान्यात मशीन चालू ठेवून विसरलो आणि शंभर पत्रिकांवर नवरीचं नाव दोनदा छापलं गेलं. मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि तरी हसत होतो. मला वाटलं, थोडे अजून वाढू देत, मग ताईला एकदम सांगू. तुझ्या वाढदिवसाला. मग तू ते चोराचं पत्र पाठवलंस आणि माझी सांगायची जागाच गेली.

पैशासाठी केलं नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण नाही. लोक खाली लिहायचे, "रंग काय सुंदर आहेत." रंग माझे होते, ताई. आजवर मी दुसऱ्यांच्या पत्रिका छापल्या, तुझ्या पेन्सिली पुसल्या. मला कुणी कधी सुंदर म्हटलं नव्हतं. तूसुद्धा रंगांबद्दल उत्तर दिलं नाहीस.

काढायचा प्रयत्न केला. पानं निघतात. पण मशीनबाई निघत नाही. तिची चित्रं आता ॲपवाल्यांची झाली, ती फोनाफोनांतून फिरतायत. मी "मान्य" दाबलं होतं. तू म्हणालीस तसंच, न वाचता, खाली ढकलत नेऊन.

आत्याला मी येऊन सांगू का? तू म्हणशील तेव्हा येतो. पाया पडतो.

ठोंब्या

१५ जून

येऊ नकोस. तिला काही कळलेलं नाही आणि कळायचं नाही.

पानं परत पाठव. सगळी. पुठ्ठ्यात घालून.

२६ जून

चि. ठोंब्यास आत्याचे आशीर्वाद. हो, अजूनही आशीर्वादच, घाबरू नकोस.

तुझं पाकीट पोचलं. त्यावर ताईचं नाव होतं, ती कामावर गेली होती, सही मी केली. मी कधी कुणाचं पाकीट फोडत नाही. पण पुठ्ठा एका कडेने फाटला होता आणि त्यातून मीच बाहेर डोकावत होते. स्वतःला असं अर्धवट कसं ठेवायचं, म्हणून काढलं.

आता एका वेळी एकच सांगते, सवय आहे.

तुझ्याबद्दल आधी. मशीनबाई मला मे महिन्यातच औषधाच्या दुकानात भेटली. तिथली मुलगी म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" मी म्हटलं, हो. तोंड माझंच होतं, नाही कशाला म्हणायचं! तिने मला तिच्या फोनवर सगळं दाखवलं. खालचं लिहिलेलंही वाचलं मी, चष्मा लावून. गाडी चुकलेली माणसं खिडकीशी येऊन जे बोलायची, त्यापुढे हे म्हणजे ओव्याच. हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. तू न विचारता केलंस, त्याचा राग आला. पाच दिवस आला, मग कंटाळा आला रागाचा. रंग मात्र बरे भरलेस. माझा झगा इतका पिवळा कधीच नव्हता, पण असता तर मला आवडला असता.

तेव्हापासून मी वाट बघत होते, तुम्हा दोघांपैकी मला कोण सांगतंय याची. तू लांब आहेस. ती रोज समोर जेवायला बसते. माझा फोन घेऊन जायची आणि बिघडलाय म्हणून सांगायची. मी म्हणायचे, हो का. तिला वाटत होतं ती मला जपतेय. मला वाटत होतं, आज बोलेल, उद्या बोलेल. अशी माणसं मी खिडकीवर पुष्कळ पाहिली आहेत. विचारायचं एक असतं, विचारतात भलतंच, आणि निघून जातात.

आता आजचं. ही पानं मी कधी पाहिली नव्हती, माझीच अट होती. दुकानातल्या त्या फोनवर पाचच चित्रं होती. सहावी मी आज पहिल्यांदा पाहिली. सगळी पानं ओट्यावर ओळीने मांडली आणि बघत उभी राहिले.

फोन कानाला धरून बसलेली मी. पलीकडे कुणी नाही, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं, इतकं छान काढलंय पोरीने. गेलेला बल्ब कानाशी नेऊन हलवणारी मी. या घरातले बल्ब तुझे काका बदलायचे, तुला आठवत असेल, शिट्टी वाजवत. त्या दिवशी मला फार रडू येत होतं आणि आलं नाही. मशीनवर मी हात ठेवते, कारण ते गरम असतं आणि हलतं. या गोष्टी कुणाला दिसत नाहीत असं मी धरून चालले होते. तेवढा एकच आडोसा होता मला. दिवसभर बडबड करायची, म्हणजे कुणी निरखून बघत नाही.

ताई तुला सहावी चौकट कापली म्हणून बोलली असेल. तुझ्या पाकिटात तू माफीची चिठ्ठी घातली होतीस, त्यावरून कळलं. मला उलट वाटलं. ती कापलीस म्हणून माझी थोडी अब्रू राहिली बाबा. तुझ्या त्या लाख लोकांनी मला भांडताना पाहिलं, बसलेली नाही पाहिली.

पण पानं बघता बघता माझ्या एक लक्षात आलं. त्या चित्रांत मी कधी पाठमोरी आहे, कधी एका बाजूने. म्हणजे काढणारी कुठे उभी होती? मी जाऊन बघून आले. मधल्या दारात. घरातल्या प्रत्येक चित्रात तिथेच.

मी फोन धरून बसले होते तेव्हा माझी मुलगी दारात उभी होती. मी बल्ब हलवत होते तेव्हाही. ती मला बघत होती. तिला सगळं दिसलं, बोटांची नखंसुद्धा दिसली, काढलीयत बघ. आणि ती आत आली नाही रे. माझ्याजवळ येऊन बसली नाही. खोलीत गेली आणि काढत बसली.

तुझ्यावर रागवायला मला सोपं गेलं. हिच्यावर कसं रागवू ते कळत नाही. हे खरं तर तिलाच लिहायला हवं, पण एका घरात राहणाऱ्या माणसाला पत्र काय लिहायचं, म्हणून तुला लिहिते आहे. तू तिला यातलं काही कळवू नकोस. यापुढे मला काढायचं नाही, हेही मीच सांगेन. हातसुद्धा नाही काढायचा.

तिची यायची वेळ झाली. मशीन लावलंय, ते गुरगुरतंय, गुरगुरू दे. पानं ओट्यावरच ठेवली आहेत आणि मी स्टुलावर बसले आहे, काही न बोलता. बघू, आत येते का.

आत्या